चाकागणिक वजन, मगच हवा: मोटरहोमच्या वजन-सेवेचे परीक्षण

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या प्रवासी गाडीच्या, टायरमध्ये किती हवा भरावी, या प्रश्नाची तयार उत्तरे पुष्कळ मिळतात आणि त्यांतली बहुतेक अपुरी असतात. टायरच्या बाजूवर छापलेला दाबाचा आकडा हा त्या टायरला कमाल भार पेलण्यासाठी लागणारा दाब असतो; आपल्या गाडीला तेवढाच हवा आहे, असे त्यावरून ठरत नाही. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवरचा आकडा अधिक विश्वासार्ह खरा, परंतु तो मूळ मापाच्या टायरसाठी आणि अनुज्ञेय कमाल भार गृहीत धरून दिलेला असतो. टायरचे माप किंवा प्रकार बदलला की त्या पट्टीचा आधारही सुटतो. उरतो तो एकच खात्रीचा मार्ग: भरलेल्या गाडीच्या प्रत्येक चाकावर प्रत्यक्ष किती भार येतो ते मोजणे आणि टायर उत्पादकाच्या भार-दाब तक्त्यात त्या भारासमोरचा दाब पाहणे. हे काम करून देणारी सेवा आम्ही घेतली. हे परीक्षण तिचे आहे.

सेवेची पद्धत सोपी आहे. सपाट जागेवर चारही चाकांखाली स्वतंत्र वजनपट्ट्या ठेवतात आणि चारही आकडे एकाच वेळी टिपतात. प्रवासाला निघताना गाडी जशी असेल तशीच ती आणावी, म्हणजे पाण्याची व इंधनाची टाकी भरलेली, गॅसचे सिलिंडर, सामान आणि माणसे आत, हा त्यांचा आग्रह मला फार योग्य वाटला. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. रिकाम्या टाकीने केलेले वजन टायरच्या दृष्टीने निरुपयोगीच.

साध्या वजनकाट्यापेक्षा ही सेवा का सरस, ते आमच्या मागच्या चाकांनी दाखवून दिले. मागच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे मागची दोन चाके जोडणाऱ्या आसावर, एकूण १,९०० किलो भार भरला. वजनकाट्यावर एवढेच कळले असते आणि आपण प्रत्येक चाकावर ९५० किलो धरून मोकळे झालो असतो. प्रत्यक्षात डाव्या चाकावर ८९० आणि उजव्या चाकावर १,०१० किलो होते, कारण स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज आणि पाण्याची टाकी तिन्ही उजव्या अंगाला आहेत. नियम असा की अ‍ॅक्सलवरच्या दोन्ही टायरमध्ये दाब सारखाच ठेवायचा आणि तो जड चाकाच्या भारावरून ठरवायचा. सरासरीवरून ठरवला तर जड बाजूचा टायर कायम कमी हवेवर धावतो, त्याच्या बाजू जास्त वाकतात, आत उष्णता साठते आणि टायर फुटण्याची खरी सुरुवात तिथेच होते.

सायकलींच्या मागच्या रॅकबद्दल त्यांनी दिलेले स्पष्टीकरणही मोलाचे होते. दोन अ‍ॅक्सलमध्ये चार मीटर अंतर असेल आणि मागच्या अ‍ॅक्सलपासून दोन मीटर मागे साठ किलोचा भार टांगला, तर मागच्या अ‍ॅक्सलवर साठ नव्हे, नव्वद किलो वाढतात आणि पुढचा अ‍ॅक्सल तीस किलोंनी हलका होतो. रॅक लावायचा की नाही आणि हवा किती ठेवायची, हे दोन निर्णय एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, हे या एका हिशेबातून कळते.

हाती आलेल्या कागदावर चारही भार, टायरचे माप, भार-निर्देशांक आणि सुचवलेला दाब नीट लिहिलेला होता. आमच्या टायरचा निर्देशांक ११६, म्हणजे एका टायरची क्षमता १,२५० किलो. त्यामुळे मागच्या टायरमध्ये पुरेशी क्षमता शिल्लक होती. तरीही मागच्या टायरसाठी त्यांनी ५.५ बार, म्हणजे सुमारे ८० पीएसआय, कायम ठेवले आणि पुढच्या टायरसाठी मात्र दाराजवळच्या पट्टीवरच्या आकड्यापेक्षा कमी दाब सुचवला. आमचे टायर मोटरहोमसाठीच बनणाऱ्या सीपी प्रकारचे आहेत. ते दीर्घकाळ भाराखाली उभे राहतात आणि मागचा भार प्रवासागणिक बदलतो, म्हणून तिथे हातचा राखणे मला पटले. पुढचा दाब कमी केल्यावर कपाटांची खडखड घटली आणि स्टिअरिंगला बसणारे हादरेही सौम्य झाले.

तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. वजन झाल्यावर लगेच, टायर गरम असतानाच, तिथल्या कर्मचाऱ्याने हवा काढून कागदावरच्या आकड्याला आणून ठेवण्याची तयारी केली. व्हॉल्व्हची टोपीही काढली होती. आम्ही त्याला थांबवले. तक्त्यातले सर्व आकडे थंड टायरचे असतात. १५ अंश सेल्सिअसला ५.५ बार असलेला टायर आतली हवा ४५ अंशांपर्यंत तापल्यावर सुमारे ६.२ बार दाखवतो, आणि हे अपेक्षितच असते. तेव्हा हवा सोडून ५.५ बारवर आणली, तर टायर पुन्हा १५ अंशांवर आल्यावर तो जेमतेम ४.९ बार भरेल. ज्या सेवेचा सारा भर अचूकतेवर आहे, तिच्या कागदावर ‘थंड टायरसाठी’ एवढे दोन शब्द ठळकपणे असायलाच हवेत. गाडी काही तास उभी असताना, ऊन लागण्यापूर्वी, स्वतःच्या चांगल्या गेजने दाब मोजावा आणि हवा तेव्हाच भरावी.

टायरच्या वयाकडे त्यांनी पाहिले नाही. बाजूवरचा चार आकडी संकेत वाचायला क्षणही लागत नाही: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी वयानेच बाद होतात, त्यामुळे ही नोंद त्यांनी कागदावर घ्यायला हवी.

या उणिवा धरूनही ही सेवा घ्यावी असेच मी म्हणेन, विशेषतः गाडी नवीन घेतल्यावर, टायर बदलल्यावर किंवा सामानाची मांडणी बदलल्यावर. मागे जोडचाके असलेल्यांनी मात्र आधी चौकशी करावी. इथे जोडीतली दोन्ही चाके एकाच वजनपट्टीवर येतात, त्यामुळे आतला आणि बाहेरचा टायर वेगवेगळा किती भार घेतो ते कळत नाही. तक्त्यातही जोडचाकांचा रकाना वेगळा असतो आणि दाब त्याच रकान्यातून घेतला आहे ना, हे कागद हातात आल्याबरोबर तपासून पाहावे.