क्रूझवर स्कूबाचं सर्टिफिकेट : आठ महिने कार्ड वापरल्यानंतर

आधी निकाल. क्रूझच्या सुट्टीत स्कूबाचं, म्हणजे सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाण्याचं, सुरुवातीचं ‘ओपन वॉटर’ सर्टिफिकेट होतं, पण थिअरी आणि पूल घरीच उरकून गेलात तर. जहाजावर चढून पहिल्या धड्यापासून सुरुवात केली, तर सात रात्रींतली निम्मी सुट्टी त्यातच जाते आणि कोर्स पूर्ण होईल याची खात्री तरीही नसते. अडतं ते पाण्याखाली नाही, घड्याळापाशी.

पॅडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ओपन वॉटरमध्ये थिअरी, पूलमधली पाच सेशन्स आणि समुद्रातल्या चार डाइव्ह असतात. चारही एका दिवसात संपवता येत नाहीत; कोर्सच्या डाइव्ह दिवसाला जास्तीत जास्त तीन. जहाज बंदरात आठ-नऊ तास थांबतं. त्यातून उतरण्याची रांग, दुकानापर्यंतचा प्रवास, सह्या, फिन्स-सूटची मापं, दोन डाइव्हमधली विश्रांती आणि परतीसाठी राखीव तास-दीड तास वजा करा. दोन डाइव्ह बसतात, तिसरी नाही. म्हणजे दोन बंदरं हवीत, आणि तिसरं हाताशी असलेलं बरं.

घरी पूलमध्ये काय होतं? २०० मीटर न थांबता पोहणं, दहा मिनिटं तरंगत राहणं, आणि मास्कमधलं पाणी काढण्यापासून जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरवर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणाऱ्या यंत्रावर) श्वास घेण्यापर्यंत सगळी कौशल्यं. ते झालं की इन्स्ट्रक्टर रेफरल फॉर्म भरून देतो, म्हणजे उरलेला कोर्स दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडे पूर्ण करता येतो. शेवटचा भाग पूर्ण केल्यापासून तो बारा महिने चालतो. काही जहाजांवर पूलची सेशन्स जहाजाच्याच पूलमध्ये होतात, पण समुद्र खवळला की पाणी हिंदकळायला लागतं, पूलवर जाळी येते आणि तो दिवस गेला.

आता कागद. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. मेडिकल फॉर्ममध्ये दहा मुख्य प्रश्न असतात. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, नियमित औषधं यांपैकी कशाला ‘हो’ आलं, तर पुढचे उपप्रश्न येतात किंवा थेट डॉक्टरची सही लागते. बंदरावर सकाळी साडेआठला डॉक्टर शोधत फिरायची वेळ येऊ नये, म्हणून फॉर्म घरीच भरा. सही लागणार असेल तर ती घेऊनच निघा. सगळ्याचे प्रिंट काढा. समुद्रावरच्या इंटरनेटच्या भरवशावर राहू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं : पहिल्या बंदरावर दोन डाइव्ह झाल्या की तिथल्या इन्स्ट्रक्टरची सही, नंबर आणि तारीख रेफरल फॉर्मवर घेतल्याशिवाय बोटीवरून उतरू नका. सही नसेल तर दुसऱ्या बंदरावरचा इन्स्ट्रक्टर तुम्हाला तिसऱ्या डाइव्हसाठी घेऊच शकत नाही, मग तुम्ही कितीही छान पोहा.

बंदरं निवडताना नाव नाही, पाणी बघायचं. कॅरिबियन समुद्रातलं बोनेअर बेट कोर्ससाठी सोयीचं आहे : प्रवाळ किनाऱ्यापासून काही मीटरवर सुरू होतं, बोटीचं वेळापत्रक नाही. तिथे मरीन पार्कची फी भरलेली असावी लागते. त्याच समुद्रातल्या ग्रँड केमन बेटाला पाणी नितळ, पण जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या बोटींतून न्यावं लागतं. वारा वाढला की बंदरच रद्द. मेक्सिकोचं कोझुमेल बेट प्रसिद्ध आहे ते प्रवाहासोबत वाहत जाण्यासाठी, आणि शिकाऊ माणसाला नेमकं तेच नको असतं. कोर्समध्ये ६ ते ९ मीटरवरून एका श्वासात, श्वास सोडत सोडत वर यायचा सराव असतो. त्याला सरळ उभा दोर आणि स्थिर पाणी लागतं. प्रवाह असला की दोर तिरका होतो, इन्स्ट्रक्टर दुसरी जागा शोधत बसतो आणि वेळ जातो. कोझुमेल घ्यायचंच असेल तर आडोशाच्या जागी नेणारं दुकान बघा आणि ईमेलवर आधी विचारून ठेवा.

कोझुमेलचं आणखी एक. तिथे घड्याळ वर्षभर एकच असतं, उन्हाळ्यात पुढे करत नाहीत. फ्लोरिडातून निघालेल्या जहाजाने उन्हाळ्यात आपली वेळ बदलली नाही, तर जहाज एक तास पुढे. ‘साडेचारला सगळे जहाजावर’ म्हणजे किनाऱ्यावर साडेतीन! फोन आपोआप किनाऱ्याची वेळ पकडतो, म्हणून मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा. जहाजाच्या सहलीतून गेलात तर उशीर झाल्यावर ते थांबतात, स्वतः दुकान ठरवलंत तर नाही. पण जहाजाच्या सहलींत रेफरलच्या डाइव्ह क्वचितच असतात. ‘ट्राय डाइव्ह’ म्हणून जे विकतात ते १२ मीटरपर्यंतचं नुसतं चाखणं आहे, सर्टिफिकेट नव्हे.

दुसरं बंदर हुकलं तर? दोन डाइव्हवर पॅडीचं ‘स्कूबा डायव्हर’ कार्ड मिळू शकतं : १२ मीटरपर्यंत, तेही व्यावसायिकासोबतच. पूर्ण ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर. घाईने छोटं कार्ड घेण्यापेक्षा फॉर्मची मुदत वापरून उरलेल्या दोन डाइव्ह नंतर कुठेतरी करणं शहाणपणाचं.

पाण्यात पहिल्याच दिवशी गडबड होते ती वजनांची, म्हणजे खाली जाता यावं म्हणून अंगावर बांधायच्या शिशाची. गोड्या पाण्याच्या पूलमध्ये ठरलेलं वजन समुद्रात पुरत नाही. खारं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं. माणूस आणि सामान मिळून ९० किलो भरत असेल तर सव्वादोन किलो जास्त लागतं. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा ११ लिटरचा सिलिंडर. हवेचा दाब २०० बारवरून ५० बारला येईपर्यंत त्यातली सुमारे दोन किलो हवा संपलेली असते. त्यामुळे सुरुवातीला वजन नीट बसलेला माणूस शेवटी, वर येण्याआधी ५ मीटरवर थांबायच्या वेळी बुचासारखा वर जातो. तपासायची पद्धत : बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) रिकामी, नेहमीचा श्वास रोखून, पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं, श्वास सोडला की बुडायला हवं. हे भरल्या सिलिंडरवर केलं असेल तर वर दोन किलो घाला.

स्वतःचा मास्क मात्र न्याच. नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो. टूथपेस्टने दोन-तीनदा घासल्याशिवाय धुकं जात नाही. मिशी असेल तर नाकाखालची बारीक पट्टी भादरा, नाहीतर मास्क झिरपत राहतो. बाकी सगळं भाड्याने.

जहाज लागण्याची गोळी डाइव्हच्या दिवशी पहिल्यांदा घेऊन बघू नका; पेंग येते का हे आधी कळायला हवं. सर्दी असेल तर डाइव्ह सोडा. नाक मोकळं करणाऱ्या औषधाचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना कान अडकतो. परतीच्या विमानाचा हिशेबही आधीच करा : अनेक डाइव्हनंतर निदान १८ तास उड्डाण नाही. त्याच दुपारी हेलिकॉप्टर किंवा डोंगरमाथ्याची सहलही नाही. प्रवासाच्या विम्यात स्कूबा वगळलेलं असतं का, तेही बघा.

आठ महिन्यांनंतर काय टिकलं? कार्डची मुदत संपत नाही आणि वेगवेगळ्या दुकानांत ते विनातक्रार चाललं. मास्क, रेग्युलेटर, कान मोकळे करणं हे हाताला लक्षात राहतं. राहत नाही ते सामान जोडणं. क्रूझच्या बंदरांवर बोटीवरचे लोक सिलिंडर, बीसीडी, रेग्युलेटर जोडून पाठीवर चढवून देतात. वेळ वाचतो, पण पुढे जिथे स्वतः करायचं असतं तिथे पट्टा उलटा बसतो, किंवा ओ-रिंग (जोडातून हवा गळू न देणारी रबरी कडी) न बघताच झडप उघडली जाते. कंपासचंही तेच. तीस मीटर लांबचं दिसणाऱ्या पाण्यात तो कधी मनापासून वापरलाच जात नाही, आणि पाच मीटर दिसणाऱ्या गढूळ पाण्यात पहिल्यांदा उतरल्यावर कळतं. म्हणून चारही डाइव्हना ‘आम्हीच जोडतो, तुम्ही फक्त तपासा’ असं बोटीवर सांगा, आणि लॉगबुकात प्रत्येक वेळी सूटची जाडी, सिलिंडरचा प्रकार आणि नेमकं वजन लिहा. पुढच्या दुकानात पहिला प्रश्न तोच विचारतात.