क्रोमेटिंगचे 18,500 रुपये घेतले आणि थिनरने पुसून दिलं

ऐरोलीत खाडीकडेला घर असेल आणि बाल्कनीला ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या करायच्या असतील, तर हे वाचा आणि मगच ॲडव्हान्स द्या.

माझे एकूण 1,86,500 रुपये गेले. ॲडव्हान्स 1,20,000, उरलेले 66,500 काम झाल्यावर. त्यातले 18,500 निव्वळ क्रोमेटिंगचे, म्हणजे रंगाआधी ॲल्युमिनियमवर चढवायच्या रासायनिक थराचे, खिडकीवाल्याने कोटेशनवर वेगळी ओळ टाकून घेतलेले. बिल मात्र साध्या पावतीवर, त्यात फक्त "खिडकी काम". पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी उगाच तुमच्याच डोक्यावर बसेल" म्हणाला. कोटेशन फेकू नका, क्रोमेटिंग लिहिलेला माझ्याकडे आज तेवढाच कागद आहे.

पहिल्याच पावसाळ्यात पावडर कोटिंगखाली (खिडकीवर भाजून बसवलेल्या रंगाखाली) दोऱ्यासारख्या बारीक, नागमोडी रेघा दिसू लागल्या. सुरुवात सगळीकडे कापलेल्या टोकापासून किंवा स्क्रूच्या भोकापासून. नखाने धरून ओढलं तर पापुद्रा सलग निघाला आणि खाली पांढरी भुकटी. ॲल्युमिनियमवर तेल, मळ राहिला की रंग धरत नाही. म्हणून आधी तेल काढायचं, मग कॉस्टिकचं एचिंग (सोड्याने वरचा पातळ थर काढणं), त्यावर येणारी काळी साय नायट्रिक ॲसिडने काढायची, मधे दर वेळी पाण्याने धुवायचं आणि मग क्रोमेटिंग. तो थर रंगाला धरून ठेवतो आणि गंज आत सरकू देत नाही. खाऱ्या हवेत हेच काम महत्त्वाचं, आणि रंग चढला की ते झालं की नाही हे वरून कळत नाही. म्हणूनच इथे चोरी करतात.

कोटिंग व्हायच्या आधी मी रबाळ्याला त्याच्या शेडवर गेलो होतो. माल बुडवून हे सगळं करायच्या टाक्या कोरड्या होत्या, एकीत पुठ्ठ्याचे खोके भरलेले. बाहेर एक पोरगा माझेच सेक्शन (खिडकीच्या ॲल्युमिनियम पट्ट्या) लोखंडी वायर ब्रशने घासत होता आणि थिनरच्या फडक्याने पुसत होता. त्याच ब्रशने शेजारी लोखंडी ग्रिल घासलेली. लोखंडाचे कण ॲल्युमिनियमवर राहिले की ओलाव्यात तिथूनच खायला लागतं. मी विचारलं, तर "टाकीचं पाणी आज बदलतोय, तुमचा माल उद्या बुडवणार". "तेव्हाच काम थांबवायचं ना," असं आता सगळे सुनावतात. अरे, मी बँकेत नोकरी करणारा माणूस! टाकीत काय असतं ते मला कोण सांगणार होतं? कामाचे पैसे द्यायचे आणि कारागिरीही आपणच शिकायची?

क्रोमेटिंग केलेला सेक्शन रंगाआधी पिवळसर सोनेरी दिसतो. माझे पांढरेच होते. हे दाखवल्यावर म्हणे, "आमचं क्रोमशिवायचं आहे, त्याला रंग येत नाही." असं केमिकल खरंच मिळतं, म्हणून कोणती प्रक्रिया ते कागदावर लिहून घ्या.

चौकीत म्हणाले, दिवाणी बाब आहे, वकील बघा. ग्राहक तक्रारीच्या कचेरीत तज्ज्ञाचा अहवाल मागितला. अहवालासाठी लॅबवाले म्हणतात, कचेरीचं पत्र आणा. कचेरी म्हणते, आधी तक्रार नोंदवा. नोंदवायला गेलं तर, अहवाल कुठाय? त्या टेबलावरच्या बाईंनी सोलून नेलेला पापुद्रा हातातसुद्धा घेतला नाही, "बिलावर क्रोमेटिंग कुठे लिहिलंय?" एवढंच. ग्राहक आयोगात दावा 2 वर्षांच्या आत लावावा लागतो, तेव्हा अशा फेऱ्यांत वेळ घालवू नका. मी नोटीस पाठवली आहे.

त्याच माणसाने मागच्या सोसायटीचं काम घेतलंय असं कळलं. तिथल्यांनी रंगाआधी सेक्शनवर पाणी ओतून बघा: सलग पसरलं तर स्वच्छ, थेंब झाले तर तेल तसंच आहे. कोटिंग केलेला एक तुकडा मागून घ्या, ब्लेडने चौकटी कापा, चिकटपट्टी लावून ओढा. रंग पट्टीला आला तर उरलेले पैसे देऊ नका.