निवांत मुंबई: मुक्काम दादरला की फोर्टमध्ये?

तीन-चार दिवस मुंबई बघायची, पण यादी घेऊन धावायचं नाही, असं ठरवलं की पहिला प्रश्न मुक्कामाचा येतो. डोंबिवली-बोरिवलीच्या नातेवाइकांकडे उतरणार असाल तर पाहुणचार उत्तम होईल, निवांतपणाचं मात्र विसरा. खोली घेऊन राहायचं असेल तर मराठी घरांत बहुतेक वेळा दोनच नावं निघतात: दादर आणि फोर्ट. फोर्टमध्ये मी सीएसएमटीपासून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) चर्चगेट, काळा घोडा आणि कुलाब्याच्या सुरुवातीपर्यंतचा सगळा पट्टा धरतो. दोन्हीकडे राहणं चुकीचं नाही. फरक कळतो तो दुपारी दीड वाजता.

दादरची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वे इथे मिळतात. त्यामुळे ठाण्याला कुणाला भेटायचं असो की वांद्र्याला जायचं असो, आधी उलटं दक्षिणेला जावं लागत नाही. पुण्याच्या शिवनेरी बस दादरहून सुटतात. स्टेशनाबाहेरचा फुलबाजार पहाटेच बघावा. आठ-साडेआठनंतर तिथे फुलांपेक्षा धक्केच जास्त. शिवाजी पार्कचा कट्टा, चैत्यभूमी आणि दादर चौपाटी एका संध्याकाळी पायी होतात. सिद्धिविनायक जवळ आहे, फक्त मंगळवार टाळा. शिवाय सगळीकडे मराठी बोलली जाते. सोबत आई-वडील असतील तर या गोष्टीचं वजन कमी समजू नका. वाण्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत ते स्वतःच फिरून येतात.

आता दीड वाजता काय होतं ते बघू. मुंबईची हवा दमट, त्यामुळे कडाक्याचं ऊन नसतानाही माणूस भिजतो आणि थकतो. निवांत फिरायचं तर दिवसाचे दोन तुकडे करावे लागतात. सकाळी साडेसहा-सात ते बारा-एक बाहेर, मग खोलीवर येऊन आंघोळ आणि डुलकी, आणि साडेचार-पाचला पुन्हा बाहेर. मधला तुकडा वगळला की दुसऱ्या दिवशी पाय बोलायला लागतात आणि तिसरा दिवस बहुधा खोलीतच जातो. पायी बघण्यासारखी जुनी मुंबई जवळजवळ सगळी दक्षिणेच्या टोकाला आहे. काळा घोड्याहून दादरच्या खोलीवर यायचं म्हणजे चर्चगेटपर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालायचं, स्लो लोकलमध्ये वीस-बावीस मिनिटं बसायचं, दादरचा पूल चढायचा-उतरायचा आणि कबुतरखान्याच्या किंवा रानडे रोडच्या गर्दीतून खोली गाठायची. गाडीची वाट बघणं धरून पाऊण ते एक तास गेला. परत जायला तेवढाच. अडीच तासांच्या विश्रांतीसाठी दीड-दोन तासांचा प्रवास कुणी करत नाही, म्हणून लोक दुपारी खोलीवर जातच नाहीत, तिकडेच कुठेतरी वातानुकूलित दुकानात घुटमळत राहतात. दादरच्या मुक्कामात मला खटकते ती हीच गोष्ट, आणि बाकीचे सगळे गुण मांडूनही ती भरून निघत नाही.

संध्याकाळी याच अडचणीचं दुसरं तोंड दिसतं. पाच-साडेपाच ते नऊपर्यंत लोकलची गर्दी दक्षिणेहून उत्तरेला वाहते, आणि दादरला परतणाऱ्याची दिशाही तीच. मरीन ड्राइव्हला सूर्यास्त बघून सात वाजता चर्चगेटला आलात तर समोर भरलेल्या गाड्याच असतात. त्यातल्या विरार फास्टमध्ये ‘दादरलाच तर उतरायचंय’ म्हणून चढू नका. आतले लोक लांब जाणारे, दाराजवळ घट्ट उभे. दादरला उतरायला वाट मिळत नाही आणि बोलणी मात्र ऐकावी लागतात. अंधेरी किंवा वांद्रे स्लो पकडा, मुंबई सेंट्रल गेलं की दाराकडे सरकायला लागा. सोबत लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर सरळ नऊनंतर निघा. म्हणजे परतायचं कधी हे तुमच्या हातात नाही, लोकलच्या गर्दीच्या हातात आहे.

फोर्टमध्ये राहणाऱ्याला हेच गणित उलट पडतं. मरीन ड्राइव्ह नरिमन पॉइंटच्या, एनसीपीए या कलाकेंद्राच्या टोकापासून गिरगाव चौपाटीपर्यंत एकाच दिशेने, रमतगमत चालावा. ऊन समुद्राकडून येतं, म्हणून साडेपाचच्या आधी सुरुवात करू नका. चौपाटीवर पोचलात की चर्नी रोड स्टेशनवरून चर्चगेटकडे जाणारी गाडी घ्या. मध्ये फक्त मरीन लाइन्स, आणि त्या वेळी त्या दिशेला बसायला जागा मिळते. समोरून जाणाऱ्या गाड्यांच्या दारांत लोंबकळणारी माणसं बघितली की आपण मुक्काम कुठे केलाय याचं बरं वाटतं.

मेट्रो ३ मुळे दादरची बाजू सुधारली आहे, हे मान्य करायला हवं. ऑक्टोबर २०२५ पासून ही भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते. दादर ते फोर्टमधला हुतात्मा चौक हे अंतर वीस-पंचवीस मिनिटांत, घाम न येता कापता येतं. पण मेट्रोचं दादर स्टेशन रेल्वेच्या दादरला चिकटून नाही, ते शिवसेना भवनाच्या बाजूला आहे. खोली पूर्वेला, टीटीला किंवा हिंदू कॉलनीत असेल तर आधी टिळक पूल ओलांडा, मग सरकत्या जिन्यांनी खोल उतरा. शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास असते. म्हणून दादरच पक्कं असेल तर खोली पश्चिमेला, गोखले रोड किंवा शिवाजी पार्कच्या अंगाला बघा. तसं केलंत तर दुपारी खोलीवर येणं जमू शकतं. मला ते तरीही ओढाताणीचं वाटतं, पण ज्यांना चालायचा कंटाळा नाही त्यांना चालून जाईल.

विमानाने येणाऱ्यांना दोन्ही ठिकाणं सारखीच. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना या मेट्रोचं स्टेशन आहे, आणि तिथून दादर किंवा हुतात्मा चौक गाडी न बदलता गाठता येतो.

रेल्वेने येणाऱ्यांनी मात्र थोडा विचार करावा. दादरला लांब पल्ल्याच्या गाड्या दोन-तीन मिनिटंच थांबतात. चार बॅगा, आजी आणि झोपेतून उठवलेलं पोर यांना तेवढ्यात उतरवायचं म्हणजे कल्याण गेल्यापासूनच दाराजवळ उभं राहावं लागतं. सीएसएमटी हे शेवटचं स्टेशन. गाडी रिकामी होईपर्यंत बसून राहिलात तरी कुणी हाकलत नाही. परतीलाही गाडी बरीच आधी फलाटावर लागते, सामान सावकाश लावता येतं. दादरच्या फलाटांचा एक बारकावाही लक्षात ठेवा. डिसेंबर २०२३ पासून तिथले क्रमांक सलग झाले आहेत: १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. जुन्या सवयीने ‘मध्यचा एक नंबर’ शोधत बसू नका.

पैशांच्या बाबतीत दादर स्वस्त, यात वाद नाही. त्याच दर्जाच्या खोलीला फोर्ट-कुलाब्यात साधारण दीडपट पडतात असा माझा अंदाज आहे, आणि दिवाळी-नाताळात तर त्याहून जास्त. पण हिशेब खोलीपाशी थांबवू नका. रिक्षा या दोन्ही भागांत नाहीत. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून दीड किलोमीटरला ३१ रुपये आहे. काळा घोडा ते दादर दहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मीटर दोनशेच्या वर जातो आणि सिग्नलला थांबण्याचे वेगळे. दुपारी येणं-जाणं आणि रात्री परतणं टॅक्सीने केलंत तर दिवसाला सहाशे-सातशे सहज गेले. चौघांच्या कुटुंबाची दादरमधली बचत बरीचशी इथेच संपते. एकटा माणूस लोकलने फिरणार असेल तर मात्र दादर खरोखर स्वस्त पडतं.

खाण्यात फोर्टला दादरची सर नाही. ‘आस्वाद’ची मिसळ आणि ‘प्रकाश’चा साबुदाणा वडा, वर पियूष, हे दोन्ही शिवाजी पार्कच्या परिसरात. कीर्ती कॉलेजच्या गल्लीतला वडापावही तिथून लांब नाही. फोर्टमध्ये मराठी खाणं शोधावं लागतं. सीएसएमटीसमोर ‘आराम’ आहे, ‘पंचम पुरीवाला’ आहे, आणि जरा चालायची तयारी असेल तर गिरगाव. इराण्याकडचा बन-मस्का आणि चहा मात्र फोर्ट-धोबीतलावचाच. धोबीतलावचं ‘कयानी’ १९०४ पासूनचं आहे. सर्वात मोठी गैरसोय रविवारची. कचेऱ्या बंद म्हणून फोर्टमधली बरीचशी खानावळी-उपाहारगृहं बंद, आणि नऊ वाजता नाष्टा शोधत दोन-तीन गल्ल्या फिरावं लागतं. आदल्या रात्री केळी, बिस्किटं किंवा बेकरीतला पाव आणून ठेवा.

पण हाच रविवार फोर्टमध्ये पायी फिरायला सर्वात चांगला. सकाळी सातला ओव्हल मैदानाच्या मधल्या वाटेवर उभं राहिलं की एका हाताला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या हाताला आर्ट डेको इमारतींची रांग. २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला तो हाच सगळा समूह. तिथून हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या, मग सीएसएमटी. स्टेशनाची १८८८ मध्ये पुरी झालेली इमारत रस्त्याच्या पलीकडून, महापालिकेच्या बाजूने बघा. जवळून तिचा घुमट दिसत नाही. हा फेरा थांबत-थांबत दोन तासांचा. कामाच्या दिवशी दहानंतर त्याच फुटपाथवर चालणं म्हणजे खांदे सावरत सरकणं. दादरहून येऊन सातला ओव्हलवर पोचणं अशक्य नाही, पण सुट्टीत सव्वापाच-साडेपाचला उठणाऱ्यांसाठी हा लेख नसावा. रविवारी लोकलचे मेगाब्लॉक असतात, तेही दादरकरांच्याच वाट्याला येतात.

दिवस ठरवताना बंदचे वार बघून घ्या. काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं. ते पूर्ण बघायच्या फंदात न पडता दोन दालनं निवडा आणि एक वाजता बाहेर पडा. समोरची राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची इमारत सोमवारी बंद. घारापुरीची लेणीही सोमवारी बंद. तिकडे जायचं तर गेटवेवरून सकाळची लाँच घ्या. तासभर पाण्यावर, वर जायला सुमारे १२० पायऱ्या, आणि उतरताना दुपारचं ऊन. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते; तिला जायला दोन्ही मुक्काम सारखेच.

तारखांचंही तसंच. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. अभिवादनासाठी येत नसाल तर त्याच्या आगेमागे दादरमध्ये खोली शोधू नका. दसऱ्याला शिवाजी पार्कभोवतीचे रस्ते अडतात. जोराच्या पावसात भरतीची वेळ गाठून आली की हिंदमाता चौक तुंबतो आणि दादर पूर्वेची कोंडी होते. फोर्टला त्रास जानेवारी-फेब्रुवारीत. जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी सकाळी रस्ते बंद, आणि जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सवाचे नऊ दिवस प्रचंड गर्दी. ३१ डिसेंबरला तर मरीन ड्राइव्हच्या आसपास राहणं ही शिक्षाच.

मग दादर कुणी घ्यावं? ज्यांना नाटकं बघायची आहेत, खरेदी करायची आहे, ठाणे-पार्ल्याच्या नातेवाइकांना भेटायचं आहे आणि दक्षिण मुंबई एकाच दिवसात उरकायची आहे, त्यांनी. पण निव्वळ शिवाजी मंदिरच्या एका प्रयोगासाठी तिथे मुक्काम हलवायची गरज नाही. फोर्टमधून दुपारी चारच्या आत, गर्दी सुरू व्हायच्या आधी निघा. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा, खाऊन घ्या, नाटक बघा आणि अकराच्या पुढेमागे चर्चगेटची लोकल पकडा. त्या वेळी मेट्रो बंद झालेली किंवा होत आलेली असते, लोकल मात्र असतात, आणि उलट्या दिशेला डबे मोकळे. फोर्टमध्ये राहून दादर असं एका संध्याकाळात बसतं. दादरला राहून फोर्ट तितक्या सहज बसत नाही.

फोर्ट घेणार असाल तर खोली ठरवताना फोनवर चार गोष्टी स्पष्ट विचारा. खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का. कुलाब्यात लाकडी पार्टिशन घालून केलेल्या बिनखिडकीच्या खोल्या अजून मिळतात. लिफ्ट आहे का, आणि ती रात्री चालू असते का. जुन्या इमारतीतला तिसरा मजला लाकडी जिन्याने चढणं गुडघ्यांना परवडत नाही. न्हाणीघर खोलीत आहे की बाहेर सामाईक. आणि चेक-आउट दुपारी बाराचं की चोवीस तासांचं. सकाळच्या गाडीने सीएसएमटीला उतरणार असाल तर चोवीस तासांचं घ्या, थोडं महाग पडलं तरी. नाहीतर पहिल्याच दिवशी बॅगा लॉजच्या काउंटरमागे टाकून बारापर्यंत रस्त्यावर फिरावं लागतं.