उंबराच्या पाण्याला घुमटवाले बोलवा, बॅन्जो नको

भाच्याच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी होतं, म्हणजे गात-वाजवत विहिरीवरून पाणी आणायचा आपल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नातला विधी, पोरांना बॅन्जो पायजे होता, पण ठाण्याच्या तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमधल्या एका ओळखीच्या बाईंनी या घुमटवाल्या मंडळींचा (घुमट म्हणजे एका तोंडाला कातडं लावलेलं मातीचं मडकं) नंबर दिला आणि खरंच छान झालं.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे हे लोक स्वतः गाऊन मोकळे होत नाहीत, सगळ्यांना गायला लावतात. ठरवतानाच विचारलं, घरात वयस्कर कोण आहे, त्यांना कुठली गाणी येतात, मग मावशीशी फोनवर बोलून त्यांच्या गाणारणीने ओळी लिहून घेतल्या. त्या संध्याकाळी मावशीने ओळ सोडायची आणि मागून सगळ्यांनी उचलायची, असं करत विहिरीपर्यंत गेलो, लुगडी नेसलेल्या बायका कळशा घेऊन पुढे, आणि बॅन्जोवाली पोरं तर शेवटी सगळ्यात मोठ्याने गात होती!

घुमट वाजवणारा माणूस एकदम पक्का. जानेवारीचा गारवा, त्यात कातडं सैल पडलेलं, तर त्याने आधी आचाऱ्याच्या चुलीजवळ धरून ते शेकवलं, टिचकी मारून बघायचा, परत धरायचा, मनासारखा आवाज आल्यावरच उठला. वाजवताना एका हाताने कातड्यावर थाप आणि दुसऱ्या तळव्याने मडक्याचं उघडं तोंड झाकायचं-सोडायचं, तो खालचा घुमणारा आवाज त्यातनं येतो. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, आता वन्यजीव कायद्याने ते बंद आहे, यांच्याकडे बकरीचं आहे.

एक तक्रार आहे. पाणी घेऊन परत आल्यावर त्यांनी कीबोर्ड नि स्पीकर लावला, आणि म्हाताऱ्या बायकांचा आवाज पार बुडाला, मी सांगितल्यावर लगेच बंद केला पण मुळात लावायचाच कशाला? १९६३ साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितलं की उपासनेत लोकांनी स्वतः गावं, तिथल्या तिथल्या संगीताला मान द्यावा, मग मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनऐवजी मराठीत आली. आपल्या बायका तर त्याच्या कितीतरी आधीपासून अंगणात आपल्या बोलीत गात होत्या, आणि आज त्याच गप्प बसून डीजे ऐकतात, मला याचं फार वाईट वाटतं.

पैसे बँडपेक्षा कमीच घेतले. नाताळनंतर ईस्टरआधीच्या उपवासकाळापर्यंत लग्नांची गर्दी असते तेव्हा लवकर सांगून ठेवा, आणि स्पीकर आणू नका हे ठरवतानाच बजावा.