बाहेरचे अन्वेषक नेऊ की गावातलेच सहसंशोधक घेऊ?

एका ओळखीच्या पीएचडीवालीचा परवा फोन आला, "दादा, फील्डवर्कचे पैसे आलेत, आता मुलाखती घ्यायला शहरातून एमएसडब्ल्यूची (समाजकार्य शिकलेली) पोरं नेऊ की गावातलीच माणसं तयार करू?" मी दोन्ही करून बसलोय, भंडारा-गोंदियाकडं मामा तलावांवर (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारी काळातली तळी) काम करताना. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो. मुलाखत मार्गदर्शिका, सॅम्पलिंग वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो.

आधी बाहेरच्यांची बाजू, कारण ती खरंच कमकुवत नाही. ट्रेनिंग दोन दिवसांत उरकतं, रेकॉर्डर चालवता येतो, फाइलींना नीट नावं देतात, आणि शनिवारी सांगितलं की सोमवारी ट्रान्सक्रिप्ट मेलवर. दुसरं म्हणजे परक्या माणसाजवळ लोक काही गोष्टी मोकळेपणानं बोलतात. नवऱ्याची दारू, सावकाराचं देणं, सोसायटीतला हिशोब, हे शेजारणीच्या पोरीसमोर कोण काढणार? ती संध्याकाळी त्याच नळावर भेटणारे.

एवढं असूनही माझं मन फिरलं ते एका फालतू वाटणाऱ्या गोष्टीवरून. ट्रान्सक्रिप्टची भाषा.

झालं असं, की पहिल्या फेरीत शहरच्या पोरांनी एका ढिवर (मासेमारी करणाऱ्या समाजातल्या) आजींची मुलाखत घेतली होती, चांगली तासाभराची. मी स्वतः हजर नव्हतो. कागदावर वाचलं तर आजी बातम्या दिल्यासारखं बोलत होत्या. "पूर्वी तलावालगत धानाचे पीक घेतले जात असे, आता घेतले जात नाही." मी तेवढ्यावरून अर्धं पान लिहून मोकळा झालो की गाळपेऱ्याची, म्हणजे पाणी ओसरल्यावर तळ्याच्या गाळात करायची शेती बंद पडली वगैरे. नंतर कधीतरी सहज मूळ रेकॉर्डिंग ऐकलं. आजी म्हणत होत्या, "बापू, आता तं देवधान डोऱ्यानं दिसत बी नाही." देवधान म्हणजे तळ्यात आपोआप उगवणारा रानटी भात, कुणी पेरत नाही, म्हणूनच ऋषिपंचमीला चालतो कारण त्यात बैलाचे कष्ट नाहीत. म्हणजे आजी तळ्यातलं काय काय संपलं ते सांगत होत्या आणि मी शेतीवर निबंध लिहित होतो. एका शब्दातला 'देव' गाळला आणि विषयच बदलला.

मग सगळीच रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला बसलो, आणि तासाभराच्या ऑडिओला सहा-सहा तास गेले. झाडीबोलीत, म्हणजे तिकडच्या बोलीत, ळ चा र होतो हे ज्याला माहीत नाही त्याला तळ्याची पाळ (बांध) 'पार' म्हणून ऐकू येते, मग "पारीवर बसून ठरवलं" याचं "गावातील पारावर बसून" झालेलं, वडाचा पार! तुडूम, म्हणजे तळ्यातून पाणी सोडायची जुनी सोय, तिथं कंसात 'अस्पष्ट'. दोन मुलाखतींत. पोरांचा दोष नाही, ती हुशार होती, त्यांनी शुद्ध लिहायचं म्हणून शुद्ध लिहिलं. पण माझ्या अभ्यासाचा जीवच त्या शब्दांत होता. मालगुजारी 1950 च्या कायद्यानं गेली, तळी सरकारजमा झाली, त्याआधी पाणी कुणी सोडायचं, कधी सोडायचं, हे सगळं ज्ञान असल्या शब्दांतच शिल्लक आहे.

दुसऱ्या फेरीला दहावी-बारावी झालेल्या पाच बाया-पोरं घेतली गावांतलीच. सुरुवात वैताग होती, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी एक जण आलाच नाही, भाताची रोवणी होती. (वेळापत्रक मी शहरात बसून केलं होतं, जुलैत! त्यांनीच ते फाडून दिवाळीनंतरचं करून दिलं.) प्रश्न विचारता विचारता स्वतःच उत्तर द्यायची सवय जायला महिना गेला. पण ट्रान्सक्रिप्ट आले ते जसंच्या तसं बोललेलं, आणि समासात पेन्सिलनं टीप, "आजी ज्या माशाचं नाव घेते तो आता फक्त बोडीत सापडतो, मोठ्या तऱ्यात नाही." (बोडी म्हणजे छोटी तळी.) असली टीप मला कुठल्या शहरी पोरानं दिली असती?

गावच्यांचा धोका मात्र हलक्यात घेऊ नका. आमच्यातला एक पोरगा मच्छीमार सोसायटीतल्या एका पदाधिकाऱ्याचा पुतण्या निघाला, तलावाच्या लिलावाचा विषय आला की त्याच्यासमोर सगळे गप्प. उपाय साधा निघाला. नाजूक विषयाला शेजारच्या गावची जोडी पाठवायची. बोली तीच, पण भाऊबंदकी नाही. बाहेरच्या माणसाचा जो एक फायदा मी वर सांगितला तो यात बराचसा मिळतो. पूर्ण नाही म्हणणार मी, जातीचं गणित शेजारच्या गावातही तेच असतं, म्हणून जोडीत एक तरी ढिवर बाई असेल हे पाहायचो.

आणि माहिती कुणाची हा प्रश्न आहेच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात अभ्यासगट आधीपासून होते, लोक स्वतः बसून जंगलाचा अभ्यास करायचे, 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला त्यामागं ही सवय होती असं मला वाटतं. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत तर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही पुरावा म्हणून चालतं. म्हणजे तुमच्या हार्डडिस्कवर पडलेली मुलाखत गावाला कधी दाव्यात लागू शकते. आमच्याकडं दुसऱ्या फेरीच्या वह्यांची झेरॉक्स गावांतच राहिली. पहिल्या फेरीची एकही नाही, आणि मागायलाही कुणी आलं नाही.

तर कुणाला काय? तीन महिन्यांत रिपोर्ट द्यायचाय, विषय दारू-कर्ज असला नाजूक आहे, तर बाहेरचे घ्या, फक्त बोली येणारा एक जण ट्रान्सक्रिप्ट तपासायला ठेवा. वर्षभर हातात असेल आणि विषय पाणी, जंगल, मासे, बी-बियाणं असला असेल, तर मी तरी दुसऱ्यांदा शहरातून गाडी भरून नेणार नाही. पैसे वाचतील या आशेनं मात्र हा मार्ग धरू नका. मी आधी रोजगार हमीच्या रोजीवर हिशोब धरला होता, तेव्हा त्यातल्याच एका बाईनं विचारलं, "शहरच्या पोरायले किती देल्ले?" आकडा सांगायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं मानधन सारखं केलं.