जहाजाची यादी की चर्चची वही?
अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात (तेव्हाची ब्रिटिश वसाहत) आलेल्या जर्मन पूर्वजाचा माग काढताना पहिला हात जातो तो फिलाडेल्फियाच्या जहाज-याद्यांकडे. १७२७ पासून तिथं उतरणाऱ्या जर्मनांकडून ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेत. तारीख आणि जहाज मिळतं, पण सह्या १६ वर्षं आणि त्यावरच्या पुरुषांच्याच. बायकापोरं बहुतेक गायब! मूळ गाव तर शोधूच नका. सही न येणारा फुली मारायचा आणि कारकून कानावर पडेल तसं नाव लिहायचा. म्युलरचा मिलर व्हायला कितीसा वेळ?

चर्चची बाप्तिस्म्याची वही मात्र घरात नेते. आईवडिलांची नावं असतात, शिवाय बाळाचे धर्ममातापिता, म्हणजे बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून उभे राहणारे. हे बरेचदा नातलग, नाहीतर जुन्या गावचे शेजारी. त्यांचा धागा धरून थेट जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीकाठच्या गावापर्यंत पोचता येतं. वह्या विखुरलेल्या आहेत, काही हरवल्याही; तरी मी आधी तीच उघडेन.