सेल्फ-हीलिंग पीपीएफ: काळ्या गाडीवर बरेच महिने वापरल्यानंतर

गाडी नवी असतानाच पूर्ण बॉडीवर सेल्फ-हीलिंग पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) बसवून घेतली, म्हणजे रंग वाचवणारी आणि बारीक ओरखडे आपोआप भरून काढणारी, टीपीयू या लवचीक प्लास्टिकची पारदर्शक फिल्म. रंग काळा आणि गाडी कायम उघड्यावर, त्यामुळे फिल्मचा चांगलाच कस लागला.

बारीक ओरखडे खरोखर भरून येतात. दाराच्या हँडलमागच्या खळग्यात नखांचे चरे सतत पडतात. कोमट पाण्याने त्यांना ढिम्म फरक पडत नाही. चांगलं कढत पाणी ओतलं की पांढुरक्या रेघा फिकट होत जातात आणि बघता बघता दिसेनाशा होतात. बॉनेटवर धुताना उमटणारं बारीक चऱ्यांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं तर भर उन्हात आपसूक जातं. थंडीत मात्र तेच दिवसेंदिवस तसंच राहतं. निसानने २००५ मध्ये असाच आपोआप भरून येणारा क्लिअर कोट (गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर) जाहीर केला, तेव्हाही ओरखडा जायला तापमान आणि खोलीनुसार एक दिवस ते आठवडा लागेल असं सांगितलं होतं. ते मला पटतं.

ही करामत फिल्मच्या अगदी वरच्या लवचीक पॉलियुरेथेन थराची. त्यातल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींशी बांधलेल्या असतात. हलक्या ओरखड्याने त्या बाजूला रेटल्या जातात, ऊब मिळाली की मूळ जागी परततात. पण जो थर खरवडून निघूनच गेला, तो कुठून परत येणार? पार्किंगमध्ये कुणीतरी मागच्या दारावर किल्ली ओढली. त्या चऱ्यावर कढत पाणी ओतलं, हीट गन फिरवली, काही उपयोग झाला नाही. तेवढा तुकडा बदलावा लागला, खालचा रंग मात्र शाबूत निघाला. फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते आणि मूळ क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, त्यामुळे तो वाचला याचं नवल नाही.

सिरॅमिक कोटिंगची, म्हणजे रंगावर लावायच्या पातळ कडक लेपाची, ‘९एच’ जाहिरात बघून त्याची आणि या फिल्मची गल्लत करू नका. तो आकडा पेन्सिलने घेतलेल्या कडकपणाच्या चाचणीचा असतो. कोटिंगने पाणी छान ओघळतं, पण पडलेला चरा साधारणपणे भरून येत नाही.

तक्रारी दोनच. कडांना मळाची काळी रेघ धरते, ती मऊ ब्रशने नेमाने काढावी लागते. आणि पक्ष्यांची विष्ठा उन्हात वाळली तर उष्णतेने न जाणारा डाग पडतो, ती लगेच भिजवून पुसायची.

पुढच्या गाडीलाही लावेन, फक्त पूर्ण बॉडीला नाही: बॉनेट, पुढचा बंपर, आरसे आणि हँडलमागचे खळगे एवढं मला पुरेल.